पासिंग

मोटारीच्या पुढे-मागे लावलेल्या क्रमांकाला कायद्याच्या मराठीत 'नोंदणी चिन्ह' म्हणतात. बोलण्यात हा शब्द कोणी वापरीत नाही. महाराष्ट्रातला माणूस अनोळखी गाडीकडे पाहतो आणि विचारतो, "पासिंग कुठलं?" परक्या भाषेतून आलेल्या या शब्दाने मराठीत आपला स्वतंत्र संसार थाटला आहे. गाडी तपासणीला उभी राहिली, 'पास' झाली, तिला क्रमांक मिळाला, एवढाच त्याचा मूळ अर्थ असावा. पण 'एमएच नऊ पासिंग' म्हणताच ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मोटार उभी राहत नाही, कोल्हापूर उभे राहते. दहा म्हणजे सांगली, अकरा सातारा, बारा पुणे, तेरा सोलापूर, पंधरा नाशिक, एकोणीस जळगाव. हा पाढा कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. तरी लांबच्या प्रवासात खिडकीपाशी बसलेल्या प्रत्येक मुलाने तो पाठ केलेला असतो, आणि समोरून येणारी गाडी कुठली हे आधी ओळखण्यात भावंडांची भांडणेही झालेली असतात.

या खेळात एस.टी.ची गाडी धरायची नसते. महामंडळाच्या गाड्यांची बांधणी वर्षानुवर्षे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील कार्यशाळांत होत आली आणि चिन्हही तिथलेच मिळत आले. त्यामुळे आयुष्यभर कोकणातल्या घाटांत फिरणाऱ्या गाडीच्या कपाळी एमएच १४ किंवा एमएच २० असते. जन्म एकीकडे, नांदणे दुसरीकडे. मुलांना या गाड्या फसवतात. मोठ्यांना मात्र त्यात वावगे काही वाटत नाही, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांचे आयुष्य याच रीतीने गेलेले असते.

दक्षिण बंगळूरमध्ये जयनगराला लागून असलेले जे. पी. नगर हे अशा नांदायला आलेल्यांचे उपनगर. जयप्रकाश नारायणांचे नाव धारण करणारी ही वस्ती 'फेज' नावाच्या तुकड्यांनी वाढत गेली. पहिल्या फेजांत झाडांच्या सावलीतले शांत रस्ते आणि बैठी घरे. पुढच्या फेजांत, बन्नेरघट्टा आणि कनकपुरा या रस्त्यांच्या मधल्या पट्ट्यात, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या उंच इमारती. सकाळी सारक्कीच्या बाजाराच्या बाजूला निघाले की रस्त्यावर केए ०५ ची दाटी दिसते. दक्षिण बंगळूरच्या परिवहन कचेरीचे हे चिन्ह. त्या दाटीत टीएन, केएल, एपी, डब्ल्यूबी, ओडी अशी अक्षरे मिसळलेली असतात आणि अधूनमधून एमएच असते. मराठी माणसाची नजर त्या दोन अक्षरांवर आपोआप थांबते. गाडी चालवणारा मराठी बोलणारा असेलच असे नाही. पण गर्दीत कुणीतरी हाक मारल्यासारखे क्षणभर वाटते खरे.

या उपनगरातल्या एका इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळात दोन मराठी गृहस्थांच्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या असत. एक कोल्हापूरचे, निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले. त्यांची स्कूटर एमएच ०९. दुसरे बेळगावचे, नोकरीनिमित्त कर्नाटकभर फिरून इथे स्थिरावलेले; त्यांची मोटार केए २२. दोघांच्या गावांत सव्वाशे किलोमीटरचेही अंतर नाही. दोघांच्या घरी एकाच चवीचा तांबडा रस्सा होतो, दोघांचे सोयरे एकमेकांच्या जिल्ह्यांत आहेत. एकमेकांना ते गावाच्या नावानेच हाक मारीत, 'काय कोल्हापूरकर' आणि 'या बेळगावकर'. पण गाड्यांच्या पाट्या पाहून कोणालाही वाटावे की हे दोन निरनिराळ्या मुलुखांतले लोक आहेत. पाटी खोटे बोलत नव्हती. तिला फक्त एवढेच ठाऊक होते.

पाटीला एवढेच ठाऊक असावे, हीच तिच्या जन्माची अट होती. १८९३ साली पॅरिसच्या पोलिसांनी हुकूम काढला की प्रत्येक मोटारीवर मालकाचे नाव, पत्ता आणि नोंदणीचा क्रमांक यांची पाटी असावी. घोडागाडी अपघात करून फार लांब पळू शकत नव्हती. मोटार पळू शकत होती. पळालेल्याला ओळखता यावे, यासाठी हा खटाटोप. पुढे नाव आणि पत्ता गळून गेले, क्रमांक राहिला. ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने १९०४ च्या आरंभापासून नोंदणी सक्तीची झाली आणि लंडनचा 'ए १' हा क्रमांक अर्ल रसेल यांनी मिळवला. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचे हे थोरले बंधू. सरकारने ओळखीसाठी दिलेले चिन्ह मिरवण्याची वस्तू व्हायला एक दिवसही लागला नाही, असा याचा अर्थ.

हिंदुस्थानात आधी प्रांतांचे आपापले नियम होते. १९१४ साली सगळ्या ब्रिटिश मुलुखासाठी एक कायदा झाला आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्यात कोणत्या प्रांताला कोणती अक्षरे, याची यादीच जोडलेली होती. तीन अक्षरे आणि त्यांपुढे चारपर्यंत अंक, अशी त्या काळातील पाट्यांची घडण. मुंबईच्या वाट्याला 'बीएम'सारखी अक्षरे आली. पुढे म्हैसूर राज्याच्या गाड्या 'एमवाय' मिरवू लागल्या. गोवा, दमण आणि दीव यांच्या गाड्यांवर 'जीडी' आले. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता आणि तिथे नोंदलेल्या मोटारींना मुंबई राज्याची अक्षरे मिळत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यानंतरच्या नव्या गाड्यांवर म्हैसूरची अक्षरे चढली. सीमाप्रश्नावर तेव्हापासून मोर्चे निघाले, आयोग बसले, दावे दाखल झाले. पाटीने मात्र कशाचीच वाट पाहिली नव्हती. बेळगावकरांच्या वडिलांच्या पिढीने आपले राज्य बदलल्याचे वर्तमानपत्रात वाचले असेल. ते रोज डोळ्यांपुढून जाताना पाहिले ते गल्लीतल्या गाड्यांवर.

आजची पद्धत १९८८ च्या कायद्याची. १९८९ च्या जुलैपासून तो अमलात आला. आधी राज्याची दोन अक्षरे, मग कचेरीचे दोन अंक, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक. मालिकेत आय आणि ओ ही अक्षरे घेत नाहीत, कारण घाईत पाहणाऱ्याला ती एक आणि शून्य वाटतील. चारचाकीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच असावे, त्याची रेघ १० मिलिमीटर जाड असावी, दोन अक्षरांत १० मिलिमीटर अंतर असावे, इथपर्यंत नियम सांगतात. लिपी रोमन आणि अंक आंतरराष्ट्रीय. विजेवर चालणाऱ्या गाडीची पाटी हिरवी, परदेशी वकिलातीची निळी, सैन्याच्या गाडीवर वर रोखलेला बाण. खासगी गाड्यांची पाटी पूर्वी काळी असे आणि अक्षरे पांढरी. भाड्याच्या गाडीची याच्या उलट. २००१ साली नियम बदलले. काळ्या पाट्या पांढऱ्या झाल्या, भाड्याच्या पाट्या पिवळ्या झाल्या आणि वर्षा-दोन वर्षांत रस्त्याचा चेहरामोहरा पालटला. जुन्या छायाचित्रात काळ्या पाटीची मोटार दिसली की छायाचित्राचे वय कळते, ते यामुळेच.

नियम एवढे काटेकोर असले तरी पाटी रंगवणारा माणूस होता. प्रत्येक परिवहन कचेरीबाहेर, झाडाखाली किंवा टपरीच्या आडोशाला, डबे आणि कुंचले घेऊन रंगारी बसलेले असत. पुढे रेडियमची अक्षरे कापून चिकटवणारे आले. मिलिमीटरचा हिशेब त्यांच्या हातात होता आणि गिऱ्हाइकाची हौस त्यांच्या कानात. त्या हौसेतून महाराष्ट्रात पाटीचा एक वेगळाच वाचनप्रकार निर्माण झाला. ४१४१ हा क्रमांक देवनागरीत जरा वळण देऊन काढला की 'दादा' होतो. २१४ चा 'राम' होतो, ४९१२ चा 'पवार'. रोमन वळणात ८०५५ चा 'बॉस' होतो. असे क्रमांक मिळवण्यासाठी लोक जादा शुल्क भरतात आणि मग नियमाबाहेरच्या लिहिण्यासाठी दंडही भरतात. याला पोरकटपणा म्हणून हसता येते. पण ज्या चिन्हाने माणसाचे नाव पुसून तिथे अंक ठेवले, त्याच अंकांतून माणसाने आपले नाव पुन्हा वाचून काढले, हेही त्यात आहे. कर्नाटकातही कन्नड अंकांत क्रमांक लिहिलेल्या गाड्या दिसतात. तीही याच जातीची गोष्ट. आपल्या दारावरची पाटी आपल्या लिपीत असावी असे ज्याला वाटते, त्याला गाडीवरचीही तशी हवीशी वाटते.

कोल्हापूरकरांची पाटी अशाच एका रंगाऱ्याने २००८ साली रंगवलेली होती. अक्षरे नियमाप्रमाणे रोमन, पण नऊच्या अंकाच्या शेपटीला किंचित देवनागरी झोक होता. २०१२ साली ते बंगळूरला आले तेव्हा स्कूटर राणी चन्नम्मा एक्सप्रेसच्या पार्सल डब्यातून आली. रेल्वेच्या रीतीप्रमाणे टाकी रिकामी केलेली, सर्वांगाला पोती गुंडाळून सुतळीने शिवलेली. बंगळूरच्या फलाटावर पोती उसवली आणि एमएच ०९ बाहेर आले, तेव्हा परमुलखात आपल्या बाजूने बोलणारे कोणीतरी बरोबर आले आहे, असे त्यांना वाटले. मुलाच्या घरी सगळे होते, पण त्यांच्या ओळखीचे असे हे एकच होते.

कायद्याचे म्हणणे निराळे आहे. १९८८ च्या कायद्याचे ४७ वे कलम सांगते की एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर त्याला नव्या राज्याचे नोंदणी चिन्ह घ्यावे लागेल. राज्याच्या दृष्टीने यात भावनेचा प्रश्न नसतो. गाडीचा कर राज्याचा असतो. रस्ते इथले झिजतात तर कर इथे यावा, हे साधे गणित आहे. २०१४ साली कर्नाटकाने हा काळ करापुरता ३० दिवसांवर आणला. परराज्यातून नोकरीसाठी आलेल्यांत त्याने मोठी खळबळ उडाली आणि पुढे उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली. बारा महिने मात्र कायम राहिले. बेळगावकरांना यातले काहीच लागू नव्हते. केए २२ केए २२ च राहून बंगळूरमध्ये जन्म काढू शकत होती. राज्याच्या आत जिल्हा बदलला तर पत्ता बदलतो, चिन्ह बदलत नाही.

"तुमचं बरं आहे," कोल्हापूरकर म्हणत. "तुम्हाला कोणी विचारत नाही."

"इथं विचारत नाहीत हो," बेळगावकर म्हणत. "कोगनोळीच्या पलीकडं विचारतात की."

बारा महिन्यांची चार वर्षे झाली. एकदा एका चौकात हवालदाराने स्कूटर थांबवली, कागद पाहिले आणि पांढऱ्या केसांकडे पाहून, बदलून घ्या, एवढेच सांगून सोडून दिले. मुलगा दर दिवाळीला आठवण करी. कोल्हापूरकर 'बघू' म्हणत. आळस हे त्याचे कारण नव्हते. हे काम एकदा झाले की आपले येणे कायमचे झाले, हे त्यांना कळत होते.

१२ सप्टेंबर २०१६ रोजी कावेरीच्या पाण्यावरून बंगळूर पेटले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून उठलेल्या क्षोभाने शहरात टीएन ही अक्षरे शोधायला सुरुवात केली. शहराच्या नैर्ऋत्येकडच्या एका तळावर उभ्या असलेल्या खासगी बसगाड्या रांगेने जळाल्या. तिकडे तामिळनाडूत केए ही अक्षरे असलेल्या गाड्यांवर राग निघाला. त्या दिवशी गाडी कोणाची आहे, चालवणारा कोणती भाषा बोलतो, तो कुठे कर भरतो, हे कोणी विचारले नाही. दोन अक्षरे पुरली. ज्या चिन्हाने गुन्हेगार ओळखावा म्हणून ते निर्माण झाले, त्या चिन्हावरून निरपराध ओळखले गेले.

जे. पी. नगरातल्या त्या तळघरात एका तामिळ कुटुंबाची मोटार होती. घरातला मुलगा बाहेरगावी, आईवडील वर दार लावून बसलेले. संध्याकाळी कोल्हापूरकर खाली उतरले आणि स्कूटरवर टाकायची जुनी चादर त्यांनी त्या मोटारीच्या मागल्या अंगावर पसरली, पाटी झाकेल अशी. पुढची पाटी भिंतीकडे होती. बेळगावकर जिन्यात उभे होते. दोघे काही बोलले नाहीत. चादर काढल्यामुळे उघड्या पडलेल्या स्कूटरवरचे एमएच ०९ त्या मंद दिव्यात नेहमीपेक्षा अधिक ठळक दिसत होते आणि ते दोघांनाही दिसत होते.

पुढल्या वर्षी कोल्हापूरकरांनी अर्ज केला. आधी जुन्या कचेरीचे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते. त्या अर्जावर गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेल्या क्रमांकाचा ठसा द्यायचा असतो. कागद धातूवर धरून त्यावर पेन्सिल घासायची, लहान मुले नाण्यावर घासतात तशी, की खालचे अंक हळूहळू उमटून येतात. कोल्हापूरकरांनी तो ठसा स्वतः घेतला. नऊ वर्षे वापरलेल्या गाडीचा हा क्रमांक त्यांनी प्रथमच पाहिला. कारखान्यात ठोकलेला हा अंक गाडीचे जन्मनाव. राज्ये बदलोत, मालक बदलोत, तो बदलत नाही. पाटीवरचा अंक म्हणजे तिचा पत्ता. आपण इतकी वर्षे पत्त्यालाच नाव समजत आलो, असे ते बेळगावकरांना म्हणाले.

"पण बदलला तो कशापायी?" बेळगावकरांनी विचारले. "कायदा म्हणून, की भिऊन?"

कोल्हापूरकरांनी उत्तर दिले नाही. प्रश्न टोचणारा होता, पण विचारणाऱ्याला तो विचारण्याचा अधिकार होता. काही महिन्यांत स्कूटरवर केए ०५ लागले आणि जुनी पाटी माळ्यावर गेली.

बेळगावकरांची पाळी २०२२ च्या डिसेंबरात आली. सीमाप्रश्न पुन्हा तापला होता. ६ डिसेंबरला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राचे चिन्ह पाहून मालमोटारींवर दगड पडले. इकडे पुण्यात स्वारगेटच्या परिसरात कर्नाटकाच्या बसगाड्यांवर काळे फासले गेले. दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. त्याच आठवड्यात कोल्हापुरात बेळगावकरांच्या बहिणीच्या घरी लग्न होते. बहिणीचा फोन आला, गाडी आणू नकोस. ज्या घराण्यातल्या दोन पिढ्या 'बेळगाव महाराष्ट्रात' या मागणीसाठी चालल्या, त्या घरातल्या माणसाला गाडीवरच्या दोन अक्षरांमुळे महाराष्ट्रात येऊ नकोस असे सांगावे लागत होते. आणि सांगणारी सख्खी बहीण होती. बेळगावकरांनी कोगनोळीच्या अलीकडे एका ओळखीच्या अंगणात मोटार ठेवली, काही अंतर पायी गेले आणि पलीकडे उभ्या असलेल्या भाच्याच्या एमएच ०९ गाडीत बसले. भाच्याला गाडी अलीकडे आणता येत नव्हती, मामांना पलीकडे नेता येत नव्हती. माणसांना मात्र पाटी नव्हती. ती सहज गेली.

या कहाणीची दुसरी बाजूही जे. पी. नगरातच पाहायला मिळते. बंगळूरच्या कितीतरी रिक्षांच्या पाठीवर, क्रमांकाच्या वर, शंकर नाग यांचे चित्र असते. १९८० च्या 'ऑटो राजा' या चित्रपटात त्यांनी रिक्षावाला रंगवला आणि रिक्षावाल्यांनी त्यांना आपला मानला तो आजतागायत. ३० सप्टेंबर १९९० रोजी दावणगेरेजवळ मोटारीच्याच अपघातात ते गेले, तेव्हा वय चाळिशीच्याही आत होते. होन्नावरकडच्या कोकणी घरात जन्मलेला, मुंबईच्या मराठी रंगभूमीवर वावरलेला, '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटाच्या लेखनात सहभागी असलेला हा माणूस कन्नड जनतेच्या गळ्यातला ताईत झाला. त्यांच्या स्मरणार्थ अरुंधती नाग यांनी उभे केलेले 'रंगशंकरा' हे नाट्यगृह २००४ पासून जे. पी. नगरात उभे आहे आणि तिथे अनेक भाषांतली नाटके होतात. नाटक सुटल्यावर बाहेर रिक्षा लागलेल्या असतात. खाली केए ०५, वर शंकर नाग. या माणसाचे पासिंग कुठले, असे त्या रिक्षावाल्यांपैकी कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

चिन्हाच्या बाबतीत सरकारचा विचार आता गावापासून दूर चालला आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'बीएच' ही मालिका सुरू झाली. सरकारी व संरक्षण सेवेतले, बँकांतले, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कचेऱ्या असलेल्या खासगी आस्थापनांतले नोकरदार ती घेऊ शकतात. आधी नोंदणीचे वर्ष, मग बीएच, मग अंक आणि शेवटी अक्षरे. त्यात राज्य नाही, जिल्हा नाही, आणि बदली झाली तर चिन्ह बदलायचे कारण नाही. बेळगावकरांचा मुलगा बँकेत आहे. त्याने नव्या गाडीला बीएच घेतले. बापाने पाटी पाहिली आणि ही कुठेही ठेवली तरी चालेल, असे म्हटले. त्यांच्या स्वरात सुटका होती, तशीच थोडी हळहळही. ज्या पाटीवरून दगड पडत नाही, तिच्यावरून परमुलखात कोणी आपल्या गावचे भेटतही नाही.

जुन्या गाड्यांच्या पाट्याही आता एकसारख्या होत आहेत. १ एप्रिल २०१९ पासूनच्या प्रत्येक नव्या गाडीला उच्च सुरक्षा पाटी येते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात दाबून उठवलेली अक्षरे, डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचे चकचकणारे ठसाचित्र, त्याखाली देशाची तीन अक्षरे, लेसरने कोरलेला गुप्त क्रमांक आणि एकदा बसवले की मोडल्याशिवाय न निघणारे कुलूप. त्याआधीच्या गाड्यांनाही ती लावावी, असा हुकूम कर्नाटकात २०२३ साली निघाला, पुढे महाराष्ट्रातही मोहीम सुरू झाली आणि दोन्हीकडे मुदती वाढत गेल्या. चोरीच्या आणि बनावट क्रमांकाच्या गाड्यांना आळा बसावा, हा हेतू योग्यच आहे. त्यात कचेरीबाहेरचा रंगारी उठून गेला आणि नऊच्या शेपटीचा झोकही गेला. गावांची नावे बदलली, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर, बेळगावचे कागदोपत्री बेळगावी. वीस, पंचवीस, सोळा आणि बावीस हे आकडे मात्र जागचे हलले नाहीत. नावावरून माणसे भांडतात, आकड्यावरून भांडावे असे अजून कोणाला सुचलेले नाही. म्हणूनच त्या आकड्यांत गावाची आठवण निर्धास्त राहू शकते.

गेल्या नवरात्रात कोल्हापूरकर मुलाच्या गाडीतून गावी गेले. केए ०५ पाहताच बिंदू चौकातल्या वाहनतळावरचा पोरगा धावत पुढे झाला आणि हाताने खुणावीत म्हणाला, "बर्री, बर्री!" अंबाबाईच्या दर्शनाला कर्नाटकातून इतके लोक येतात की या पोरांना तेवढे कन्नड आपसूक येते. कोल्हापूरकरांनी काच खाली केली आणि, "अरं, जरा सावलीत घेऊ दे की गाडी," असे खास पेठेतल्या बोलीत सांगितले. पोरगा चपापला. त्याने आधी म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिले, मग पाटीकडे, मग पुन्हा तोंडाकडे.

"मग पासिंग असं कसं, काका?"

मागून गाड्यांचे कर्णे वाजू लागले होते. कोल्हापूरकरांनी "सांगतो, आधी लावू दे" म्हटले आणि गाडी सावलीत लागली. पोरगा पावतीपुस्तक काढून उभाच होता. त्याने पावतीवर गाडीचा क्रमांक लिहिला, केए ०५ पासून शेवटच्या अंकापर्यंत, आणि उत्तर ऐकण्यासाठी थांबला.